ताई, त्या नळ्या तुम्ही पाठवू दिल्या नाहीत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमचा शोधनिबंध छापून आला तेव्हा शेवटच्या आभारात तुमच्या नावापुढे ‘तांत्रिक साहाय्य’ एवढंच होतं. तुमचं काम त्या दोन शब्दांत मावणारं नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. राहून गेलेलं आज सगळ्यांसमोर लिहितेय. नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

एम.एस्सी. करून मी पुण्याच्या लॅबमध्ये आले आणि माझ्या वाट्याला सर्व्हायव्हिन आलं. माणसाचं प्रोटीन, जेमतेम १४२ अमिनो आम्लांचं, वजन साडेसोळा किलोडाल्टन. १९९७ मध्ये येल विद्यापीठात दारिओ आल्तिएरी यांच्या गटाने ते जगासमोर आणलं, पेशीला मरणापासून वाचवणारं म्हणून. मला मात्र त्याचं पेशीविभाजनातलं काम जास्त मोहवतं. अरोरा बी, इन्सेन्प आणि बोरिआलिन या सोबती प्रोटीनांबरोबर ते गुणसूत्रांच्या सेंट्रोमिअरवर, म्हणजे आवळलेल्या जागी, बसतं. गुणसूत्रांना ओढणारे धागे नीट जोडले गेलेत का, याची तपासणी तिथून चालते. गुणसूत्रं दोन बाजूंना निघाली की ही मंडळी मधल्या भागात थांबतात. मोठ्या माणसाच्या बहुतेक निरोगी ऊतींत सर्व्हायव्हिन जवळपास नसतंच, आणि बहुतेक कर्करोगांच्या गाठींत मात्र भरपूर असतं. म्हणून तर अभ्यासाला ते शुद्ध हवं. त्यासाठी माणसाचा जीन ई. कोलाय जिवाणूत घालायचा आणि त्याच्याकडून प्रोटीन करवून घ्यायचं.

सहा महिने मी तेच करत होते. कधी सोनिकेशनने (ध्वनिलहरींनी) जिवाणू फोडल्यावर सगळं प्रोटीन पेलेटमध्ये, तळाच्या गाळातच, अडकायचं, कधी ते वेगळं काढणाऱ्या कॉलमला धरायचंच नाही. शेवटी एका शुक्रवारी, प्रोटीनं आकारानुसार वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर एकच ठळक बँड (पट्टा) आला, म्हणजे प्रोटीन शुद्ध दिसत होतं. आठ मिलिग्रॅम! दुसऱ्या गावच्या एका गटाला औषधाचे संभाव्य रेणू तपासायला ते हवं होतं, आणि सोमवारी नळ्या जायच्या होत्या. जेलचा फोटो घेऊन मी तुमच्याकडे धावत आले.

तुम्ही फोटो बघितलात आणि विचारलंत, “जेल फिल्ट्रेशनला कुठे उतरतंय?”

प्रोटीन न उकळता, आहे त्या रूपात कॉलममधून सोडून त्याचा आकार बघणारी ती चाचणी मी केलीच नव्हती. “अगं, एसडीएस जेलला आपण प्रोटीन उकळून सरळ करूनच घालतो. आधी रेणूची घडी नीट होती की विस्कटलेली, ते बँडवरून कसं कळणार?” हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

त्या संध्याकाळी घरी जायचं सोडून तुम्ही कॉलम लावलात. सगळं प्रोटीन व्हॉइडमध्येच, म्हणजे सगळ्यांत मोठ्या गोष्टी उतरतात त्या सुरुवातीच्या भागातच, बाहेर पडलं. नुसते गोळे. मग तुम्ही माझी वही उघडलीत, आणि टॅग (प्रोटीन कॉलमला धरावं म्हणून जोडलेला तुकडा) कापायच्या बफर द्रावणापाशी तुमचं बोट थांबलं: ०.५ मिलिमोलर ईडीटीए. जुन्या प्रोटोकॉलमधून मी जसंच्या तसं उतरवलं होतं. सर्व्हायव्हिनच्या घडीत जस्ताचा एक अणू असतो, तीन सिस्टीन आणि एक हिस्टिडीन त्याला धरून ठेवतात. ईडीटीए धातू ओढून घेतं. त्या द्रावणातल्या रात्रभराच्या डायलिसिसमध्ये जस्त गेलं, घडी सैल झाली, रेणू एकमेकांना चिकटले.

“हे टाकून दे,” तुम्ही म्हणालात. मी रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत, लगेच जिवाणूंचं रात्रीचं कल्चर लावायला घेतलंत.

ताई, त्या नकाराबद्दल मला तुमचे सगळ्यांत जास्त आभार मानायचे आहेत. त्या नळ्या गेल्या असत्या तर? गोळा झालेलं प्रोटीन कशालाही चिकटतं. एखादा रेणू उगाचच खरा वाटला असता आणि कर्करोगावरचं औषध सापडतंय या आशेने कुणीतरी त्याच्यामागे दोन वर्षं घालवली असती. तेही माझ्यासारखंच शिकणारं कुणीतरी असतं.

मग तुम्ही मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलंत. जिवाणू वाढवायच्या माध्यमात झिंक क्लोराइड, आयपीटीजी (जिवाणूला प्रोटीन करायला लावणारं रसायन) घातल्यावर रात्रभर १८ अंश, आणि ईडीटीए कुठेही नाही. प्रोटीन तोडणारे प्रोटीएज रोखायच्या गोळ्यासुद्धा ईडीटीए नसलेल्या घ्यायच्या, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. “निकेल कॉलमचा निळा रंग पांढरा पडायला लागला की समज, ईडीटीए कुठून तरी शिरलंय,” असंही सांगितलंत. रविवारी सुट्टी असून आलात. कोल्ड रूममध्ये ४ अंशात मी कुडकुडत कॉलममधून उतरणारे फ्रॅक्शन गोळा करत होते, तेव्हा तुमची करड्या रंगाची शाल माझ्या खांद्यावर टाकलीत आणि बाहेर जाऊन ग्राफ बघत बसलात.

या वेळी प्रोटीन जोडीने उतरलं, डायमर, जिथे यायला हवं तिथेच. तीनच मिलिग्रॅम. पण बोरिआलिनला त्याने घट्ट धरलं. प्रत्येक नळीवर तारीख आणि बॅच तुमच्याच अक्षरात आहे, आणि खाली बारीक अक्षरात ‘पुन्हा गोठवू नये’.

नळ्या पंधरा दिवस उशिरा गेल्या. त्याबद्दल मला बोलणी बसली, तेव्हाही तुम्हीच पुढे होऊन उशिराचं कारण सांगितलंत.

शाल अजून माझ्याकडेच आहे. दिवाळीत पुण्याला येतेय, घेऊन येते.

तुमची,
कोल्ड रूममधली कुडकुडणारी मुलगी