जुन्या गाडीचे मोल

महोदय,

जयंती नाल्याचे पाणी शाहूपुरीतील आमच्या गल्लीत शिरले आणि माझी बारा वर्षांची गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली. सीटखाली अजूनही गाळ आहे. दुरुस्तीचा खर्च घोषित मूल्याच्या (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत, आयडीव्ही) ७५ टक्क्यांहून अधिक झाल्याने विमा कंपनीने गाडी 'टोटल लॉस' म्हणजे पूर्ण नुकसान ठरवली, ते योग्यच होते. मात्र पॉलिसीवर २ लाख १० हजारांचे घोषित मूल्य छापलेले असताना, 'बाजारात एवढेच मिळतील' असे फोनवर सांगून दीड लाख देऊ केले.

पाच वर्षांहून जुन्या गाडीचे हे मूल्य विमा घेतानाच दोघांच्या संमतीने ठरते आणि वर्षभर तेच बाजारमूल्य मानायचे, त्यातून पुन्हा घसारा वजा करायचा नाही, असा मोटार विम्याचा नियम आहे. अनिवार्य कपातीचे, म्हणजे प्रत्येक दाव्यात गाडीमालकाने स्वतः सोसायचे, एक-दोन हजार वजा झाले तर तक्रार नाही. (हप्ता घेताना मात्र बाजारभाव कुणी विचारला नव्हता.)

मी 'फुल अँड फायनल'च्या (हीच रक्कम अंतिम मान्य, अशा) कागदावर सही न करता, नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि रक्कम कमी करण्याचे लेखी कारण मागितले आहे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे. तेथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर