आधी कोल्हापूरला ये, मग पुढं निघ

कोल्हापूर,
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोचलं. बोट घेतलीस आणि वैनीही बोटीवर राहायला तयार आहेत, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं लगेच देवापुढं साखर ठेवली. पण एक गोष्ट मला खटकली. मुंबईतल्या एसी दुकानातून महिन्याचा भाजीपाला एकदम घेणार आणि बोटीवरच्या फ्रिजमध्ये रचणार म्हणतोस. भावा, तसं करू नको.

माझी बोट विजयदुर्गच्या खाडीत नांगरलेली आहे आणि सामान भरायला मी घाट चढून घरी आलोय. कोकणातही माळवं मिळतं, पण त्यातलं बरंचसं इथूनच ट्रकनं उतरतं. पोत्यात दबलेलं, हातोहात फिरलेलं. बोटीवर टिकतं ते कधीच गार न केलेलं, न धुतलेलं आणि न छाटलेलं. शीतगृहातून निघालेल्या भाजीला बाहेर आली की घाम फुटतो, आणि केबिनच्या दमट हवेत तिच्यावर बघता बघता बुरशी चढते. फ्रिज तर बॅटरी खातो. दोन दिवस आभाळ राहिलं की सौर पॅनेल आधी दिव्यांना आणि रेडिओला पुरवायचं का कोथिंबिरीला, हे तूच ठरव.

आज सकाळी कपिलतीर्थ मार्केटला गेलो. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या बायका माल पुढ्यात मांडून बसतात, तिथं. एक मावशी कोबीची वरची पानं काढायला लागल्या. म्हटलं, "राहू द्या मावशी, दांडाबी काढू नका." त्यांनी गड्डा तळहातावर तोलला, अंगठ्यानं दाबला, बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला. "ह्यो घ्या. पाणी लागल्यालं न्हाई. किती दिस ठेवायचाय?" वीसेक दिवस म्हटल्यावर त्यांनी टोपलीतले वरचे गड्डे सारून खालचे घट्ट काढून दिले. मॉलमध्ये हे तुला कोण विचारणार? हा गड्डा बोटीवर मधोमध चिरायचा नाही. वरून एकेक पान सोलायचं. चिरला की कापलेल्या कडेपासून काळा पडत जातो.

टोमॅटो तीन रंगांचे घे. थोडे लाल, थोडे केशरी, बाकी कडक हिरवे. एकेक वर्तमानपत्रात गुंडाळ आणि पिकतील तसे वापर. कांदा आणि बटाटा शेजारी ठेवू नको. कांद्याला बटाट्याची ओल लागते. दोन्ही जाळीच्या पिशव्यांत, अंधारात, पण वारा लागेल असे टांग. डांगर, म्हणजे लाल भोपळा, न चिरता दोन-दोन महिने राहतं. रोज सकाळी चहाआधी सगळ्यावरून हात फिरवायचा. एक बटाटा मऊ लागला तर त्याच क्षणी बाहेर, नाहीतर त्याचं पाणी खालच्या सगळ्यांना नासवतं, आणि बंद केबिनमध्ये तो वास सहन होत नाही.

अंडी सरळ पोल्ट्रीवरून, न धुतलेली घे. कवचावर मुळातच एक पातळ थर असतो, तो बारीक छिद्रं बुजवून ठेवतो. धुतलं की तो जातो. दर दोन दिवसांनी ट्रे उलटा कर म्हणजे बलक कवचाला चिकटत नाही. थंडीच्या दिवसांत दोन-तीन आठवडे निघतात. वापरताना पाण्यात सोडून बघ, तरंगलं तर टाकून दे. पुठ्ठ्याची खोकी मात्र धक्क्यावरच रिकामी करायची. पुठ्ठ्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी असतात, आणि एकदा झुरळं बोटीत शिरली की निघत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ताजं संपलं तर काय, असं वैनींनी विचारलंय. मटकी! मूठभर भिजवायची, फडक्यात बांधायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, मोड येताना ते तयार होतं. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या डॉक्टरनं 'सॅलिस्बरी' जहाजावर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं होणारा रोग, झालेल्या खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, आणि संत्री-लिंबू मिळालेले दोघं आठवड्याभरात सावरले. आपल्याला लिंबं आणि मिसळीची मटकी दोन्ही आहेत. मटकी भिजवलेलं पाणी फेकू नको, आमटीत घाल.

चटणीची काळजी करू नको. आईनं उन्हाळ्यात डंकावरून, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवरून, आणलेली कांदा-लसणाची चटणी तुमच्यासाठी बरणीत काढून ठेवलीय. कांदा, लसूण, खोबरं यांतलं पाणी तळून-भाजून पार उडवलेलं असतं, म्हणून ती वर्षभर राहते. समुद्रावर भूक मेलेली असते तेव्हा भाकरी नसली तरी भातावर ही चटणी आणि तेल घेतलं की जेवण जातं. गूळ मात्र बाजारातला मोठा रवा, म्हणजे अख्खी मोठी ढेप, घेऊ नको. खारी हवा लागली की त्याला पाणी सुटतं. गुऱ्हाळावर जाऊन किलो-किलोच्या ढेपा घेऊ आणि घट्ट झाकणाच्या डब्यात एकेक बंद करू. रात्रीच्या पाळीला गूळ-शेंगदाण्यांसारखं काही नाही.

महिन्याचं एकदम भरायचा हट्टही सोड. अभिलाष टॉमींनी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांना पर्याय नव्हता. त्याच बोटीवरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार बंदरं घेत गेले. आपण किनाऱ्यानं जाणार, बंदर येईल तसं ताजं घेत जायचं.

लक्षद्वीपचं तेवढं वेगळं आहे, आणि हे मी मनापासून सांगतोय. परवाना मिळून तिथं पोचलास तर दुकानातल्या भाजीला हात लावू नको. ती मुख्य भूमीवरून जहाजानं येते, आणि जहाज लांबलं तर तिथल्या लोकांच्याच ताटात काही राहत नाही. आपण चार पिशव्या भरून निघून जाणार आणि मागं एखाद्या घरात पोरांना भाजी नाही, हे मला पटत नाही. नारळ घे, ट्यूना घे, ते त्यांचंच आहे. बाकी सगळं कोचीला भरून घे.

म्हणून मुंबईहून चार दिवसांपुरतंच घेऊन निघ. वाटेत हर्णै-जयगडला मासळी मिळेलच. विजयदुर्गला माझ्या शेजारी नांगर टाक, मग दोघं मिळून घाट चढू. जानेवारीत ये, गुऱ्हाळं जोरात असतात आणि मार्गशीर्षात चढलेले फळांचे भावही उतरलेले असतील. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊ आणि परतीला टेम्पो करू. रबरी झाकणाचे डबे मुंबईतूनच आण, इथं हवे तसे मिळत नाहीत. सुती पिशव्या आई शिवतेय. किती लागतील ते वैनींना विचारून कळव.

तुझाच दोस्त

ता. क. : गॅसची टाकी केबिनमध्ये ठेवू नको. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीत भडका उडतो. डेकवर वेगळा कप्पा कर, त्याच्या तळातून बाहेर समुद्रात उघडणारी नळी काढ. निघण्याआधी हे करूनच घे.