बाळ येशू शोधून देणाऱ्यांचे आभार

नाताळच्या आदल्या संध्याकाळी भर गर्दीत आमच्या खोक्याचा तळ फाटला आणि आजोबांनी लाकडात कोरलेल्या गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याच्या, मूर्ती रस्ताभर विखुरल्या. कॅरल गात चाललेल्या तुम्ही मुलामुलींनी गाणं थांबवून आमच्याभोवती कडं केलं. मेंढपाळ, राजे, उंट सापडले. बोटाएवढा बाळ येशू मात्र सापडेना. तुमच्यातली एक मुलगी गटाराच्या जाळीशी गुडघे टेकून बसली, त्याला बाहेर काढलं, स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने धुतलं आणि रुमालात गुंडाळून आईच्या ओंजळीत ठेवलं. आई रडलीच.

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात गव्हाणी मांडली होती; आमच्या घरात ती आजोबांनी आणली. आता नातवंडं मांडतात, विजेच्या माळांसकट. यंदाही पूर्ण मांडली, ती तुमच्यामुळे. नावं विचारायच्या आत तुम्ही गर्दीत मिसळलात, म्हणून इथे लिहितोय. मनापासून आभार!