पाटी कोणाची?

गोरेगाव, मुंबई

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. शेवटी खवचटपणे विचारलंयस, 'त्या जनरेटिव्ह सिंटॅक्समध्ये तू दिवसभर करतोस तरी काय?' शब्दाला शब्द जोडून वाक्य कोणत्या नियमांनी बनतं, ते शोधायचं शास्त्र रे ते. तर ऐक.

परवा दादरला भाचीसाठी पुस्तक बघत होतो. फळीवर चिठ्ठी होती, 'लहान मुलांची पुस्तकं'. तिथंच अडकलो. लहान कोण, मुलं की पुस्तकं? 'मोठा' असता तर घोळ नव्हता. मोठ्या मुलांची पुस्तकं वेगळी, मोठी मुलांची पुस्तकं वेगळी. 'लहान' बेटं बदलतच नाही, त्यामुळे त्याची गाठ आधी 'मुलांची'शी पडली की 'मुलांची पुस्तकं' या जोडीशी, हे कानाला कळत नाही. नोम चॉम्स्की, म्हणजे आमच्या या शास्त्राचा जनक, या गाठ मारण्याला मर्ज म्हणतो. एका वेळी दोनच वस्तू घ्यायच्या, त्यांची एक करायची, आणि ती पुढच्या गाठीला वापरायची.

पण झालेल्या गाठोड्यावर पाटी (आमच्या भाषेत लेबल) कोणाची लावायची, म्हणजे ते कोणाच्या जातीचं समजायचं? अरे, हे आपण शाळेत केलंय! समास आठव. तत्पुरुषात दुसरं पद प्रधान, अव्ययीभावात पहिलं, द्वंद्वात दोन्ही, आणि बहुव्रीहीत आतलं कुणीच नाही. ('नीलकंठ'चा अर्थ 'निळा गळा' सांगून तू छडी खाल्ली होतीस.) लेबल म्हणजे हीच प्रधानकी. 1957 मध्ये चॉम्स्कीचं वाक्य जवळजवळ बहुव्रीहीच होतं: नामाचा पदबंध (म्हणजे नामाभोवतीचा शब्दगट), क्रियापदाचा पदबंध, आणि वर तिसरीच पाटी, 'वाक्य'. 1970 मध्ये एक्स-बारची कल्पना (प्रत्येक पदबंधाला आतलाच एक प्रधान असतो, ही) आली आणि पाटी आतल्याच कुणाची तरी हवी असं ठरत गेलं. पुढे वाक्यही त्यातून सुटलं नाही. तिथं प्रधान कोण, तर म्हणे क्रियापदाचा काळ.

खरी गंमत चॉम्स्कीच्या 2013 च्या लेखात आहे. एक सुटा शब्द आणि एक पदबंध जोडला, तर पाटी शब्दाची. सोपं. पण दोन्हीकडे पदबंध असले तर? मी रोज लोकलमध्ये ऐकतो, 'पुढील स्टेशन मुंबई सेंट्रल'. दोघंही तोलामोलाचे, मान कुणाला द्यायचा? चॉम्स्कीकडे दोन तोडगे आहेत. एकानं गाठोड्यातून उठून वाक्यात वरच्या जागी जावं, मग खाली उरलेल्याची पाटी. किंवा दोघांत काही सामाईक असावं, मग पाटी त्या सामाईक गोष्टीची. 'मुलगी आली' बघ, लिंग-वचन दोन्हीकडे तेच. झकास बसतं.

आणि मग आपली मराठी खोडा घालते. 'मुलीने आंबा खाल्ला.' क्रियापद मुलीकडे ढुंकूनही बघत नाही, आंब्याशी जुळतं. 'मुलीने आंब्याला चिरलं' म्हटलं तर दोघांशीही कट्टी. कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणून आपण हे पाठ करून टाकलं होतं. आता सांग, मुलीत आणि उरलेल्या वाक्यात सामाईक काय? दोन आठवडे मी याच्यावर बसलोय, सरांना सोमवारी काहीतरी दाखवायचंय.

काकूंना नमस्कार. गणपतीला येतोयस ना?

तुझा,
बाळ्या