चंद्रशिलेची तयारी

चि. बापू यास,
अनेक आशीर्वाद.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडच्या हिमालयात चोपत्याहून तुंगनाथ मंदिर अन् वरचं चंद्रशिला शिखर चढायचं ठरवलंस. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, पण तिकडे उन्हाळा लागला असं धरू नकोस. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात. तुंगनाथ साडेतीन हजार मीटरच्या आसपास, चंद्रशिला त्याहूनही वर. दक्षिणेकडचा उतार कोरडा दिसतो, अन् वळसा घेऊन सावलीत शिरलं की गुडघाभर बर्फ.

तिकीट काढण्याआधी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं बघ, फुकट मिळतात. ढगही पांढरा अन् बर्फही, म्हणून पाच-सहा दिवसांच्या अंतराची दोन चित्रं शेजारी ठेव. जागा बदलतो तो ढग.

बर्फावर सगळं वेळेवर अवलंबून आहे. रात्री वरचा थर गोठतो, पहाटे दगडासारखा होतो. तेव्हा बुटाला मायक्रोस्पाइक, म्हणजे वरून चढवायचे लोखंडी दाते, हवेतच. ऊन आलं की वरचा बोटभर थर मऊ होतो, तेव्हा चालणं सगळ्यात सोपं. दुपारकडे पाय मांडीपर्यंत आत जातो, गुडघा मुरगळतो. म्हणून पहाटे चारला निघा, अन् दहा वाजले की शिखर राहिलं तरी मागे फिरा. रात्रभर आभाळ भरून असलं तर बर्फ नीट गोठतच नाही, त्या दिवशी सकाळचाही भरवसा धरू नका.

मोठ्या खडकाला खेटून पाऊल टाकू नकोस. खडक तापून भोवतालचा बर्फ आतून वितळतो, वर नुसता पापुद्रा राहतो. ओढ्यावरही तेच, आधी काठी दाब, कान दे, खाली पाणी खळखळलं तर दुसरी जागा शोध. ताजा बर्फ पडला असेल तर ३० ते ४५ अंशांच्या उतारावर जायचंच नाही, त्याच्या खालूनही नाही. हिमस्खलन बहुतेक अशाच उतारावर होतं. तेव्हा चोपत्यातच थांबा. माथ्यावर वाऱ्यानं बर्फाचा छज्जा कड्याबाहेर लोंबतो, वरून तो जमिनीसारखाच दिसतो. फोटोसाठी काठावर जाऊ नका.

आपण कापूस पिकवणारी माणसं, पण बर्फावर बनियनसुद्धा सुती नको. सूत घाम धरून ठेवतं, वाळत नाही, अन् अंग गार पडतं. आत पॉलिएस्टर, वर लोकर, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. मोजे लोकरीचे तीन जोड. बर्फावरून ऊन उलटून डोळ्यांत येतं, गडद चष्मा बाजूनंही बंद असलेला घे.

विदर्भातलं सगळ्यात उंच ठिकाण वैराट, तेही ११७८ मीटरच, म्हणून उंचीची घाई नको. पहिली रात्र सारी नावाच्या गावात, दुसरी देवरियाताल तळ्यापाशी, तिसरी चोपत्यात. डोकं दुखून उलटी झाली तर गोळी खाऊन वर चढायचं नाही, त्याच वेळी खाली उतरायचं.

नवे बूट या आठवड्यातच घे, अन् रोज शेताच्या बांधावरून पाठीवर आठ किलो घेऊन तासभर चाल.

तुझे बाबा