सांता खरा असतो का, विचारलंस ना

बाळा,

संध्याकाळी तू विचारलंस, आई, वर्गात सगळे म्हणतात सांता वगैरे काही नसतो, गिफ्ट आईबाबाच ठेवतात, खरंय का, आणि मी कामाच्या गडबडीत नंतर बोलू म्हणाले, तुझा चेहरा पडला तो डोळ्यासमोरून जाईना म्हणून आता तू झोपल्यावर लिहायला बसलेय.

हो गं, गिफ्ट आम्हीच ठेवतो. पण ज्याच्यावरून हे सुरू झालं तो माणूस खरा मानतात. निकोलस नावाचा बिशप, चौथ्या शतकातला, मायरा गावचा, म्हणजे आताचं तुर्कस्तान. त्याची गोष्ट अशी सांगतात, एका गरीब बापाला तीन मुली, लग्नात हुंडा द्यायला दमडी नाही, तर निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, मग दुसरी, मग तिसरी, तिसऱ्या वेळी बाप जागाच बसला होता, धावत जाऊन त्याने गाठलं तर निकोलस म्हणाला, कुणाला सांगू नकोस. मला ना त्यातलं ते रात्री जाणं फार आवडतं. दिवसाढवळ्या दिलं असतं तरी सोनं तेवढंच, पण बापाची मान चारचौघांत खाली गेली असती.

डच लोक त्याला सिंटरक्लास म्हणतात, तिकडची मुलं बुटात त्याच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात, किती गोड ना, आणि तेच नाव अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झालं.

नाताळात मांडतात तो गव्हाणीचा देखावापण असाच एका खऱ्या माणसापासूनचा, 1223 साली इटलीत ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने खरं गवत, खरा बैल, खरं गाढव आणून मांडला, म्हणजे लोकांना येशूचा जन्म डोळ्यांनी बघता यावा. आणि लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमधलं ते नाताळचं उंच झाड माहितीये? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने नॉर्वेला साथ दिली म्हणून ऑस्लो शहर 1947 पासून दरवर्षी एक झाड पाठवतं. इतकी वर्षं झाली, अजून थांबले नाहीत.

हे पत्र उशीखाली ठेवतेय. आता तुला कळलंयच तर यंदा धाकट्याचं गिफ्ट तू ठेवायचंस, तो गाढ झोपल्यावर, पाय न वाजवता. आणि त्याला सांगू नकोस हं.

तुझी,
आई