आईचं पोटॅशियम

वरूड तालुका, जि. अमरावती
१२ डिसेंबर

प्रिय मित्रा,

जय गजानन.

काल तुझा फोन आला तेव्हा मी आईची डायलिसिसची रात्रीची बॅग लावत होतो. तोंडाला मास्क, त्यामुळे बोलणं अर्धवटच राहिलं. तू म्हणालास, "बाबांच्या पोटात नळी टाकली, पंधरा दिवसांनी घरीच डायलिसिस. केळी, संत्री, नारळपाणी तर आधीपासूनच बंद आहे, ते तसंच ठेवतो." हे ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर मी घाईत सांगेन आणि तू हो हो म्हणशील, म्हणून लिहून पाठवतो. वहिनींनाही वाचायला दे, कारण स्वयंपाक त्यांच्या हातात आहे.

अबे, आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

किडन्या निकामी झाल्यावर आई दीड वर्ष डायलिसिसच्या मशीनवर होती. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं अमरावती. मशीन चार तास रक्त साफ करतं, पण मधल्या दिवसांत पोटॅशियम साचत जातं. ते फार चढलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून बटाटा चिरून, उकळून त्याचं पाणी फेकायचं, वरण मोजून वाढायचं आणि संत्र्याला हात लावायचा नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा चालू असायचा, आई ओसरीवर बसून फळं निवडायची, लहान-मोठी वेगळी करायची, पण एक फोड तोंडात टाकायची नाही. ते पथ्य तेव्हा बरोबरच होतं.

मग मशीन सुटलं आणि पोटाचं डायलिसिस सुरू झालं. नळीतून बॅगेतलं पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढून नवीन भरायचं; दिवसातून चार बॅगा, प्रत्येकी दोन लिटर. पथ्य मात्र तेच राहिलं. बदला असं कोणी म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चारेक महिन्यांनी आईचे पाय गळाल्यासारखे झाले. ओट्यावरून उठताना खांब धरायची. पोट साफ होईना, जेवण तुटलं. "मले काही खावंसंच वाटत नाई रे," म्हणायची. आम्हाला वाटलं, वय झालं, आजार मोठा आहे.

नंतर एका सकाळी बॅग गढूळ निघाली. आम्हाला शिकवलं होतं, निघालेल्या पाण्याची बॅग छापील कागदावर ठेवायची आणि अक्षरं वाचता येतात का पाहायचं. मी रोज जुन्या पेपरावर ठेवायचो, बातमी स्पष्ट वाचता यायची. त्या दिवशी तांदळाच्या धुवणासारखं पाणी, मथळासुद्धा पुसट. तासाभरात पोटात कळा आणि ताप. बॅग तशीच सोबत घेऊन गाडी केली. ती फेकू नकोस कधी, तपासायला तीच लागते.

पेरिटोनायटिस निघाला, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याला जंतुसंसर्ग. मी तर हबकलोच, कारण हात धुण्यात मी कधी कसूर केली नव्हती. पण जंतू सापडला तो ई. कोलाय, आतड्यातला. आणि रक्तातलं पोटॅशियम २.८. साधारण ३.५ ते ५ हवं असतं.

डॉक्टरांनी मला बसवून नीट समजावलं. बॅगेच्या पाण्यात पोटॅशियम अजिबात नसतं. त्यामुळे रक्तातलं पोटॅशियम दिवसभर त्या पाण्यात उतरत राहतं आणि चारही वेळा बाहेर जातं. शिवाय त्या पाण्यात साखर असते. ती अंगात गेली की इन्सुलिन वाढतं आणि उरलेलं पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं. त्यात खाणं कमी, आणि लघवीची गोळी चालू असली तर आणखी थोडं तिकडून जातं. पोटॅशियम कमी झालं की स्नायू ढिले पडतात, आणि आतडंही स्नायूच आहे. ते मंदावलं की आतले जंतू माजतात आणि आतड्याच्या भिंतीतून पोटातल्या पाण्यात झिरपतात. हात कितीही धुतले तरी ही वाट बंद होत नाही. नुसतं पोट साफ न होणं किंवा जुलाब, दोन्हींनी हा धोका वाढतो.

मी विचारलं, आकडा कमी असतो म्हणून संसर्ग होतो, की अंगच खंगलेलं असतं म्हणून दोन्ही होतं? डॉक्टर म्हणाले, दोन्ही खरं आहे. पण थायलंडमध्ये पोटाचं डायलिसिस करणाऱ्या १६७ रुग्णांवर अभ्यास झाला, २०२२ साली तो छापून आला. त्यात काहींना पोटॅशियमचं औषध देऊन आकडा ४ ते ५ च्या मध्ये राखला, बाकीच्यांना ३.५ च्या खाली गेल्यावरच दिलं. पहिल्या गटात पेरिटोनायटिस बराच कमी झाला.

बॅगेतूनच अँटिबायोटिक, तीन आठवडे. नळी वाचली, हे नशीब. घरी येऊन मी जुने रिपोर्ट काढले. दोन महिन्यांआधीच्या कागदावर पोटॅशियम ३.१ लिहिलेलं, बाजूला फुलीसुद्धा. दवाखान्यातल्या कोणी ते बोलून दाखवलं नव्हतं, आणि मी तर दर वेळी फक्त क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, बघायचो. तो कागद माझ्याच हातातून गेला होता. याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून दर महिन्याच्या रिपोर्टात पोटॅशियमची ओळ तू स्वतः वाच आणि काय खाऊ घालायचं ते त्या आकड्यावरून डॉक्टरांनाच विचार. माझं ऐकून उद्याच केळी सुरू करू नकोस. बाबांना अजून लघवी किती होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, यावर सगळं असतं. काही जणांचं पोटाच्या डायलिसिसवरही चढतं. आणि काही कारणानं मशीनवर परत जावं लागलं, तर जुनं पथ्य त्याच दिवशी परत. आईला पोटॅशियमचं पातळ औषध दिलं. चव इतकी वाईट की ती तोंड फिरवायची. भरपूर पाण्यात मिसळून, जेवणानंतर दिलं की जातं.

बाकी हात, मास्क, दार बंद, पंखा बंद, हे तुला शिकवतीलच. मे महिन्यात पंखा बंद करून बसणं जिवावर येतं, तरी बसायचं. अजून एक. भाव येईल म्हणून तुझ्या मधल्या खोलीत कापूस भरलेला असतो ना? बॅगेची खोली ती ठेवू नकोस. आम्ही आमचा कापूस हलवून, भिंती पुसून काढल्या तेव्हा कुठे जागा झाली.

आईचा मागचा आकडा ४.२. आता खांब न धरता उठते. परवा तोड्यातलं एक संत्रं सोलून तिच्या हातात दिलं. दोन वर्षांनी. तिनं सगळ्या शिरा काढल्या, बिया ताटलीत ठेवल्या आणि एकेक फोड सावकाश खाल्ली. मी समोर बसून होतो, मला काही बोलता आलं नाही.

बाबांचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, पोटॅशियमची ओळ दिसेल असा. डॉक्टर हो म्हणाले तर तुझ्याकडे दारव्ह्याला येणाऱ्या कोणाच्या हातून एक पेटी आंबियाची पाठवतो. आई म्हणते, "बाबाले सांग, पयल्या दिवशी अर्धंच खा म्हणा."

तुझा दोस्त